ओवाल्यांचा बाक

रोज सकाळी कामाला लागण्याआधी मी माझ्या डाव्या हाताचं मधलं बोट टोचते. एकवीस वर्षं झाली. एक थेंब निळ्या बाटलीतल्या औषधात, एक थेंब पिवळ्या बाटलीतल्या. निळ्यात गुठळ्या झाल्या तर माणूस ए गटाचा, पिवळ्यात झाल्या तर बी, दोन्हीकडे झाल्या तर एबी. माझा गट ओ, म्हणजे दोन्हीकडे रक्त सपाट राहायला हवं. माझ्या रक्ताच्या गुठळ्या झाल्याच, तर दोष माझ्यात नसतो, बाटलीत असतो, आणि ती बाटली फेकायची असते. माणसाचं रक्त तपासण्याआधी बाटली तपासायची. नव्या पोरींना मी हे पहिल्या दिवशी शिकवते. ज्या कंटाळा करतात त्यांना असं काही ऐकवते, की दुसऱ्या दिवशी त्या बोट पुढे करूनच आत येतात.

हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे जे झालं ते अज्ञानातून झालं असं कुणी म्हणू नये.

आमचं इस्पितळ लहान मुलांचं. प्रयोगशाळा तळघरात, वॉर्ड पहिल्या मजल्यावर, आणि वॉर्डाच्या टोकाला ऑक्सिजनची खोली. तिच्यात सहा पाळणे. दम लागून भरती झालेल्या प्रत्येक मुलाचा रक्तगट काढून ठेवायचा, असा आमचा नियम. वॉर्डातल्या मुलांचं रक्त नळीत भरून खाली माझ्याकडे यायचं. ऑक्सिजनच्या खोलीतून मात्र धावाधाव करायला कुणी मोकळं नसायचं, म्हणून तिथे एक पेटी ठेवलेली होती. हातात मावणारी पांढरी चिनीमातीची फरशी, सुया, निळी-पिवळी बाटली. माझ्या हाताखालचा सहकारी, ज्याला सगळे चष्मेवाला म्हणतात, तो तिथेच फरशीवर तपासणी करायचा आणि चिठ्ठी खाली पाठवायचा. मी ती माझ्या नोंदवहीत उतरवून घ्यायचे.

ती पेटी रोज सकाळी खाली आणा, मी बाटल्या तपासून देते, असं मी तीन वर्षांपूर्वी सांगितलं होतं. वॉर्डाच्या मोठ्या सिस्टर म्हणाल्या, “वॉर्डातल्या वस्तू वॉर्डाबाहेर जाणार नाहीत.” मी म्हणाले, “मग तुमची पेटी तुम्हीच सांभाळा.” चारचौघांत म्हणाले. त्या दिवशी मी कानाला खडा लावला आणि त्या पेटीचं नाव काढलं नाही. माझ्या नाकावर माशी बसत नाही हे सगळ्यांना माहीत आहे, मलाही त्याचा थोडा अभिमानच होता.

त्या थंडीत छातीला धरणारा विषाणू आला. तसा तो दरवर्षी येतो, पण त्या वर्षी त्याने दोन वर्षांच्या आतली मुलं धरली, आणि घट्ट धरली. वाहणारं नाक, मग खोकला, मग तिसऱ्या-चौथ्या दिवशी श्वास भरभर. काही मुलं खोकल्याचं औषध घेऊन घरी जायची. काहींच्या बरगड्यांखाली खड्डे पडायचे आणि त्यांना आल्याआल्या सरळ टोकाच्या खोलीत न्यावं लागायचं. कुणाचं काय होणार हे आधी कुणालाच सांगता येत नव्हतं. डॉक्टरबाईंनाही नाही.

आणि मला वाटलं, मला सांगता येतंय.

सहा आठवड्यांच्या नोंदी मी एका रविवारी घरी नेऊन बसले. वॉर्डातल्या नव्वदेक मुलांत सगळे गट होते, नेहमी असतात तसे, ओची तर चाळीसच्या आसपास. ऑक्सिजनच्या खोलीतली चौतीस मुलं वेगळ्या कागदावर काढली. त्यातली तीस ए किंवा एबी. ओची फक्त चार. मी दोनदा मोजलं, तिसऱ्यांदा नवऱ्याला मोजायला लावलं. तो म्हणाला, “अगं, तू तर मोठाच शोध लावलास.” चेष्टेत म्हणाला, पण मला ते गोड लागलं. एकवीस वर्षं तळघरात बसून मी दुसऱ्यांच्या प्रश्नांची उत्तरं लिहून देत होते. हा प्रश्न पहिल्यांदाच माझा होता.

डॉक्टरबाईंनी कागद पाहिला. “असं काही असू शकतं असं कुठे कुठे छापून येतं,” त्या म्हणाल्या. “कुठे हो म्हणतात, कुठे नाही म्हणतात. चौतीस मुलांवरून मी तरी काही बोलणार नाही. आणि तुम्हीही बोलू नका.”

मी बोलले. मोठ्या सिस्टरांकडेच बोलले, कारण तीन वर्षांत पहिल्यांदा माझ्याकडे असं काही होतं जे त्यांना हवं होतं. पाळणे कमी, माणसं कमी, डोळ्यांत तेल घालून तरी किती मुलांकडे बघणार? त्यांनी चहा मागवला, कागद नीट वाचला, आणि म्हणाल्या, “हे आधी का नाही सांगितलंत?” दुसऱ्या दिवशी ए आणि एबीच्या पाळण्यांना लाल टिकल्या चिकटल्या. ते पाळणे सिस्टरांच्या टेबलाजवळ आले, ओचे पाळणे खिडकीच्या बाजूला गेले. चार दिवसांनी केसपेपरच्या खिडकीवरच्या बाई येणाऱ्या प्रत्येकाला आधी गट विचारू लागल्या. ए असला तर लगेच आत. ओ असला तर बाहेरच्या भिंतीलगतच्या बाकावर. फारच गर्दी झाली तर, “ओ आहे ना? मग घरी जा, पाणी पाजा, काही लागलं तर या.”

त्या बाकाला ओवाल्यांचा बाक असं नावही पडलं. बाकावरच्या आया एकमेकींशी हसून बोलायच्या. त्यांना सुटल्यासारखं वाटायचं. पुढे तर लोक नुसता गट काढायला येऊ लागले, धडधाकट मुलं घेऊन. चिठ्ठीवर ओ दिसला की बाप लोक माझे हात हातात घ्यायचे. जसं काही तो गट मीच त्यांच्या मुलाला दिला होता. मला ते आवडत होतं, खोटं कशाला बोलू.

आता बटणबद्दल सांगते.

बटण माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी. नाक एवढंसं, म्हणून बटण. लग्नानंतर नऊ वर्षांनी झालेली, एक वर्ष दोन महिन्यांची. ती सहा महिन्यांची असताना तिचा गट मीच काढला होता, खाली, नळीत, दोनदा, कारण घरच्या माणसाचं काम मी दोनदा करते. ओ. आई ओ, बाप ओ, त्यामुळे दुसरं काही निघणारच नव्हतं. मी कार्ड बनवून त्यावर एक बदक काढून दिलं होतं. बहिणीने ते पाळण्याच्या दांडीला बांधून ठेवलं.

सोमवारी दुपारी बहिणीचा फोन आला. “ताई, हिचं नाक वाहतंय कालपासून. खोकतेय पण. घेऊन येऊ?”

“इथे आणून काय करशील? इथे एकेका पाळण्यात खोकणारी पोरं. नसलेलं काहीतरी घेऊन जाईल घरी.”

“नाही, तो ताप आलाय ना सगळीकडे, म्हणून जरा—”

“अगं, ती ओ आहे. ओची पोरं घरीच बरी होतात. मी आकडे बघितलेत.”

“खरंच ना?”

“तुला मी कधी खोटं सांगितलंय?”

नव्हतं सांगितलं. लहानपणापासून ती माझ्या शब्दाबाहेर नव्हती. आईपेक्षा माझं जास्त ऐकायची. तिने फोन ठेवताना एक सुस्कारा सोडला, तो मला ऐकू आला, आणि मला बरं वाटलं.

मंगळवारी सकाळी पुन्हा फोन. बटण दूध घेत नव्हती. “श्वास भरभर चाललाय, ताई. मी घड्याळ लावून मोजले. मिनिटाला अठ्ठावन्न.”

“रडताना मोजलेस का?”

“झोपली होती.”

“ताप असला की चालतोच भरभर. चमच्याचमच्याने पाणी दे. उद्या उतार पडेल बघ.”

“तू जरा ऐकतेस का? मी फोन तिच्या छातीशी धरते.”

तिने धरला. आधी काही नाही, नुसती कपड्यांची सळसळ. मग ते ऐकू आलं. प्रत्येक श्वास बाहेर पडताना एक छोटंसं कण्हणं, नेमक्या अंतराने, सारखंच. टोकाच्या खोलीच्या दारावरून जाताना मी ते एकवीस वर्षं ऐकत आले आहे. आणि मी काय केलं, तर समोर उघडी असलेली नोंदवही पाहिली. चौतीस मुलं, ओची फक्त चार. माझ्या कानापेक्षा मी त्या आकड्यांवर विश्वास ठेवला.

“नाक चोंदलंय तिचं,” मी म्हणाले. “उगाच जीव टांगणीला लावून घेऊ नकोस.”

बुधवारी तिचा फोन आला नाही. मी मनात म्हटलं, उतार पडला वाटतं.

दुपारचे दोन वाजले असतील. वरून चिठ्ठ्यांचा गठ्ठा आला. मी एकेक उतरवत होते. तिसरी चिठ्ठी चष्मेवाल्याच्या अक्षरातली: ऑक्सिजनची खोली, मुलगी, वय एक वर्ष दोन महिने, गट ए. त्यावरचं नाव वाचून माझा हात थांबला. बापाचं नाव, आडनाव, सगळं बरोबर.

माझ्या मनात पहिल्यांदा काय आलं ते सांगते, कारण ते मला अजून माफ करता आलेलं नाही. पहिल्यांदा आलं, ही चिठ्ठी चुकली. बटण ए असणं शक्यच नाही. आई ओ, बाप ओ, मी स्वतः दोनदा तपासलेलं. चष्मेवाल्याला चांगला झापला पाहिजे. असा विचार करत मी पेन सुद्धा उचललं. मग कुठे मला कळलं की चिठ्ठी टोकाच्या खोलीतून आली आहे, म्हणजे बटण टोकाच्या खोलीत आहे.

जिना मी कसा चढले मला आठवत नाही. खोलीच्या दाराबाहेर बहीण उभी होती, हातात मुलीचं एक झबलं. मी तिच्याकडे बघितलं आणि सरळ आत गेले. पाळण्याभोवती डॉक्टरबाई, दोन सिस्टर. मधून एवढासा पाय दिसत होता. पायाचा रंग मी पाहिला.

“बाहेर थांबा,” डॉक्टरबाई वळून न बघता म्हणाल्या.

मी थांबले नाही. भिंतीला हीटर होता, त्याच्या वर फळी, फळीवर ती पेटी. मी ती उघडली. चष्मेवाला म्हणाला, “बाई, काय झालं? मी बरोबर तपासलंय, ढळढळीत गुठळ्या होत्या.” मी बोट टोचलं. माझा एक थेंब फरशीवर, वर निळ्या बाटलीतला एक थेंब, काडीने ढवळलं आणि फरशी हलवत राहिले. पंधरा मोजायच्या आत त्यात रवाळ कण दिसले. मग ते कण एकमेकांना चिकटले. एकवीस वर्षं सपाट राहिलेलं माझं रक्त त्या फरशीवर फाटून पडलं होतं.

मी बाटली उजेडात धरली. निळ्या रंगाच्या आत औषध गढूळ होतं, तळाशी साका. किती आठवडे ती त्या हीटरच्या वर शिजत होती कोण जाणे. त्या बाटलीत कुणाचंही रक्त टाकलं असतं तरी ते ए नाहीतर एबी निघालं असतं. त्या मोसमात छातीच्या एकाही मुलाला रक्त द्यायची वेळ आली नव्हती, म्हणून कुणी परत तपासलंही नव्हतं.

आणि मग नोंदवही न उघडताच मला त्या चार ओ मुलांच्या तारखा आठवल्या. चारही पहिल्या आठवड्यातल्या. त्यानंतर त्या खोलीत एकही ओ नाही. मी ते पाहिलं होतं, आणि मला ते आणखीच पटणारं वाटलं होतं. विषाणूने ए मुलं निवडली नव्हती. जी मुलं खूप आजारी पडायची ती या खोलीत यायची, आणि या खोलीत सगळीच ए नाहीतर एबी व्हायची.

चष्मेवाला माझ्या हातातल्या फरशीकडे बघत होता. “पण तुमचा तर ओ आहे, बाई,” तो हळूच म्हणाला.

मी बाहेर आले. बहिणीने मला सगळं सांगितलं, मी विचारलं नव्हतं तरी. ती सकाळी अकरालाच आली होती. खिडकीवरच्या बाईंनी गट विचारला, तिने बदक काढलेलं कार्ड दाखवलं. त्यांनी बाकावर बसवलं. ती तिथे दोन तास बसली. “तुला फोन करावासा वाटला,” ती म्हणाली, “पण तू काल म्हणालीस ना उगाच जीव टांगणीला लावू नको. म्हटलं तुझ्या कामात कशाला.” झाडणाऱ्या बाईने बाकाखाली झाडू घालताना बटणचे ओठ पाहिले आणि तिला उचलून पळत वर आणलं. त्या बाईला गटबिट काही माहीत नव्हतं.

मग बहिणीने माझा दंड धरला. तिच्या आवाजात राग नव्हता, तो असता तर बरं झालं असतं. “ताई,” ती म्हणाली, “पण ती ओ आहे ना?”

“हो,” मी म्हणाले. “ओ आहे.”

“मग?”

मी तिला सांगितलं. बाटलीचं, आकड्यांचं, सगळं. तिथेच, दारात. तिला अर्धंच समजलं असावं. पण माझा दंड धरलेला तिचा हात मधेच कधीतरी सुटला, ते मला कळलं.

डॉक्टरबाई बाहेर आल्या तेव्हा त्यांनी बटणला मशीनवर घेतलं होतं. मी बाटली दाखवली. त्यांनी ती घेतली, फिरवून पाहिली. मला वाटलं आता त्या ओरडतील. त्या एवढंच म्हणाल्या, “परवा आणली असती तर नळीने ऑक्सिजन देऊन भागलं असतं.” मोठ्या सिस्टर वॉर्डात गेल्या आणि पाळण्यांवरच्या टिकल्या नखाने खरवडून काढू लागल्या. काही निघाल्या, काहींचा डिंक तसाच राहिला.

मी खाली खिडकीकडे गेले. “आज किती जणांना घरी पाठवलंत? ओ म्हणून?”

“नऊ,” खिडकीवरच्या बाई म्हणाल्या. “काल पण तेवढेच असतील. का?”

“त्यांचे पत्ते द्या.”

“पत्ते कुठून असणार? ज्यांना घरी पाठवलं त्यांचा केसपेपर केलाच नाही ना आपण.” त्या माझ्याकडे बघून थांबल्या. “तुम्हीच म्हणालात ना, त्यांना काही होत नाही म्हणून?”

त्यातली किती परत आली आणि किती नाही, हे मला कधीच कळलं नाही. बटण सहाव्या दिवशी गेली. सकाळी, पावणेदहाला, मी खाली असताना. बहीण माझ्याशी भांडली नाही. माझे फोन ती उचलत नाही एवढंच. मेहुण्यांनी एकदा येऊन ते कार्ड माझ्या टेबलावर ठेवलं, पाणी नको म्हणाले आणि गेले.

चौकशी झाली. मी जे जसं होतं तसं लिहून दिलं, बोलू नका म्हटलं असताना बोलले हेही लिहिलं. आता वरची पेटी रोज सकाळी माझ्याकडे येते. बाक तिथेच आहे, त्यावर आता कुणीही बसतं. मला वाटलं, निदान ती गोष्ट तरी संपली.

दीड महिना गेला. घरी जायला मी बसथांब्यावर उभी होते, सहाचा सुमार. शेजारी दोन बाया बोलत होत्या. एकीच्या खांद्यावर मूल, टोपडं घातलेलं, मान टाकून झोपलेलं. दुसरी म्हणाली, “दाखवून घे गं एकदा. लाल झालंय बघ तोंड.”

“काही नाही होत,” मुलाची आई म्हणाली. “कार्ड आहे आमच्याकडे, ओ आहे हा. ओवाल्यांना नाही होत ते. मुलांच्या इस्पितळात रक्त तपासणाऱ्या एक बाई आहेत, त्यांनी सगळा हिशोब काढून सांगितलंय.”

मी मुलाच्या पाठीकडे बघितलं. स्वेटरची वीण वरखाली होत होती. मी मनगटावरचं घड्याळ वर केलं आणि मोजू लागले. मिनिटाला बासष्ट. झोपेत.

“बाई,” मी म्हणाले, “याला आत्ताच्या आत्ता घेऊन चला. इस्पितळ मागेच आहे. ते गटाचं खोटं आहे.”

तिने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. “तुम्हाला काय माहीत?”

“ती बाई मीच आहे.”

दोघी एकमेकींकडे बघून हसल्या. वाईट हसणं नव्हतं ते. रस्त्यावर भेटणाऱ्या विचित्र माणसाला बघून आपण हसतो तसं. मुलाच्या आईने त्याला दुसऱ्या खांद्यावर घेतलं, माझ्यापासून लांबच्या. घेताना त्याचं तोंड क्षणभर माझ्या बाजूला वळलं आणि मला ते कण्हणं ऐकू आलं, श्वासाच्या शेवटी, नेमक्या अंतराने.

तेवढ्यात त्यांची बस आली. त्या चढल्या. मला त्या बाजूला जायचं नव्हतं. मीही चढले, आणि तिच्या मागच्या बाकावर जाऊन बसले.